दाराला लावलेला वरवंटा

दिल्लीत आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही कूलर विकत घेतला आणि खोलीच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या. पुण्याहून इकडे आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस पहिल्या वर्षी हेच करतो, हे मला नंतर कळलं. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालेलं, आणि मे महिन्यात भिंतीला हात लावला तर चटका बसावा असं ऊन. पुण्यात आमचं पंख्यावर भागत होतं. कूलर ही वस्तू आम्ही लग्नाच्या कार्यालयातच पाहिलेली. तेव्हा पैसे देऊन गार हवा घेतली आहे तर ती बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढं साधं शहाणपण आम्ही वापरलं. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्यासुद्धा कोंबल्या.

तासाभरात खोलीची न्हाणी झाली. उशा ओलसर झाल्या, डब्यातला चिवडा सादळला, काडेपेटीतली काडी पेटेना. नवरा म्हणाला, दुकानदारानं खराब माल गळ्यात मारला. तो सरोजिनी नगरात जाऊन भांडायच्या तयारीत पायात चपला घालत होता, तेवढ्यात शेजारच्या बरेलीकडच्या बाई दारात आल्या. त्यांनी आमच्या बंद खिडक्या पाहिल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. “अरे बेटा, खिड़की तो खोलो! हवा निकलेगी नहीं, तो आएगी कैसे?”

मी आर्किटेक्ट आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवशी तरी मी ते सांगितलं नाही.

ही गोष्ट मी आईला फोनवर सांगितली. आईनं पुण्यात ज्युनियर कॉलेजात जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. तिला हसू आवरेना आणि हसू ओसरल्यावर तिनं नेहमीप्रमाणे तास घेतला. “तुमची खोली म्हणजे माणसाचं फुप्फुस झालं. माणसाच्या फुप्फुसाला वाट एकच. त्याच वाटेनं हवा आत, त्याच वाटेनं बाहेर, त्यामुळे शिळी हवा पूर्ण कधी निघतच नाही. पक्ष्याचं तसं नसतं. त्याच्या फुप्फुसात हवा एका बाजूनं शिरते आणि दुसऱ्या बाजूनं निघून जाते. म्हणून तो आभाळात उडतो आणि आपण दोन जिने चढलो की धापा टाकतो. खोलीला पक्ष्याचं फुप्फुस दे.”

मी समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडल्या. पाच मिनिटांत खोली गार झाली.

आईला इमारती अशाच दिसतात. मी शिकत असताना माझी ड्रॉइंगं टेबलावर पसरलेली असत आणि ती चहाचा कप घेऊन त्यांच्यावरून नजर फिरवायची. जाड दगडी भिंतींची जुनी इमारत असली की म्हणायची, हा खेकडा, याची हाडं बाहेर. कॉलम-बीमची असली की म्हणायची, ही म्हैस, हिची हाडं आत आणि वरून नुसतं कातडं. मला तेव्हा त्याचा वैताग यायचा. पण स्ट्रक्चरच्या परीक्षेत मला जे काही आलं ते खेकडा आणि म्हैस यांच्याच कृपेनं आलं, हे मी तिला अजून कबूल केलेलं नाही आणि करणारही नाही. तिला एवढं चढवून ठेवलं तर माझं काही खरं नाही.

पुढे क्वार्टर सुटलं. आम्ही गाझियाबादला उंच सोसायटीत बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तीन खोल्या, तीन एसी. एक खोली आमची, एक मुलीची, एक पाहुण्यांची. मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली, आता कॉलेजात जाते आणि तिला ‘सादळणं’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. मे-जूनमध्ये आमचं घर म्हणजे तीन बंद दारं आणि दारांखालून येणारी गार हवेची रेघ. जेवायला एकत्र, बाकी जो तो आपापल्या दाराआड. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. घरोघरी मातीच्या चुली, तशा इथे घरोघरी बंद खोल्या.

माझं ऑफिस नोएडात. आम्ही काचेच्या इमारती करतो. हल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाला इमारत ‘नेचर-इन्स्पायर्ड’ हवी असते. कुणाला मधमाश्यांचं पोळं हवं, कुणाला शिंपला. दोन वर्षांपूर्वी एकाला वीस मजली टॉवरच्या तोंडावर पिंपळाच्या पानाच्या शिरा हव्या होत्या. मी त्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत काढल्या आणि खरं सांगायचं तर सुंदर काढल्या. आई तेव्हा आमच्याकडे आली होती. मी कौतुकानं लॅपटॉप तिच्यापुढे धरला.

“हे काय?”

“पान. पिंपळाच्या पानाच्या शिरा.”

“पान काय काय करतं?” तोंडी परीक्षेचा सूर.

“सावली देतं. पाण्याची वाफ सोडतं. भर उन्हात गार राहतं.”

“आणि हे काय करतं?”

मी म्हटलं, “हे दिसतं छान.”

“म्हणजे पानाचं चित्र काढलंस. पानाचं काम कुणी करायचं? आतल्या एसीनं?”

मला असा राग आला की मी लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात निघून गेले. राग यायचं कारण सोपं होतं. मलाही तेच वाटत होतं. पुढे एका गिऱ्हाइकाला मी खऱ्या वेली सुचवूनही पाहिल्या. तो म्हणाला, “मैडम, पत्ते गिरेंगे तो साफ़ कौन करेगा?” आम्ही पुन्हा ॲल्युमिनियमकडे वळलो.

त्या वेळीही आई पंधरा दिवसांत पुण्याला परत गेली. ती दर उन्हाळ्यात यायची आणि दर उन्हाळ्यात पंधरा दिवसांत परत जायची. कारण एकच, एसीत तिची हाडं आखडतात. बाबा गेल्यापासून ती पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती आणि त्याबद्दल काही बोललं की विषय बदलायची.

गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण तिला उठता येईना. फोन बाहेर टेबलावर. सकाळी कामाची बाई येईपर्यंत ती ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसून होती. मला हे त्या बाईकडून कळलं, आईनं नुसतं “जरा घसरले” एवढंच सांगितलं होतं. मी मिळेल त्या विमानानं पुण्याला गेले आणि होळीच्या सुमाराला तिला गाझियाबादला घेऊन आले. या वेळी पाहुणी म्हणून नाही, कायमचं.

ती आली, पण अट घालून आली. “आषाढापर्यंत राहून बघते. तुमची ती पेटी न लावता मला इथे झोप लागली तर राहीन. नाही तर मला माझ्या घरी परत पोचव.”

पेटी म्हणजे एसी. गाझियाबादेत बाराव्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीत, एसीशिवाय उन्हाळा. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते? ती परत गेली असती तर मला रोज सकाळी फोन लावताना पलीकडून उचलला जाईपर्यंत श्वास धरून बसावं लागलं असतं. त्या खोलीवर सगळं अवलंबून होतं. वीस मजली टॉवर मी काढले आहेत, पण कुठल्याही ड्रॉइंगची मला एवढी धास्ती वाटली नव्हती.

चैत्र लागायच्या आत कामाला लागले. आईच्या खोलीला पश्चिमेची लहानशी बाल्कनी आहे आणि दुपारनंतर तिच्यावर सूर्य आग ओकतो. आधी सावली हवी. आई म्हणाली, गुळवेल लाव. एक कांडी रोवली की झरझर चढते, उन्हाळ्यात पानांनी भरते आणि थंडीत पानं गाळून ऊन आत सोडते, पडदे बदलायला नकोत. मी बाल्कनीच्या कठड्यापासून छतापर्यंत तारा ताणल्या. वेल वर पोचेपर्यंत बांबूच्या चिकाचा पडदा सोडला. सोसायटीचे सेक्रेटरी खालून इमारतीचा दर्शनी भाग न्याहाळत म्हणाले, “मैडम, एलिवेशन ख़राब हो रहा है.” मी म्हटलं, मी आर्किटेक्ट आहे, एलिवेशनचं माझ्यावर सोडा. माझ्या पदवीचा सोसायटीत झालेला हा एकमेव उपयोग.

मग कूलर. तो वेलीमागच्या सावलीत, बाल्कनीत, तोंड खोलीच्या खिडकीकडे. इकडे लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, पश्चिमेकडूनच येते, ती कूलरच्या ओल्या वाळ्यातून गाळून आत घ्यायची. आता राहिला प्रश्न हवा बाहेर जायचा. आईच्या खोलीला दुसरी खिडकी नाही. म्हणजे हवा तिच्या दारातून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून आमच्या मोठ्या खोलीत आणि आमच्या पूर्वेच्या बाल्कनीतून बाहेर. वाटेत मुलीच्या खोलीलाही थोडी मिळेल. एवढ्या आखणीला फक्त एक गोष्ट लागत होती. घरातलं कुठलंही दार लावायचं नाही.

नवरा म्हणाला, “कुठलंही म्हणजे आपलंसुद्धा?”

मी म्हटलं, “आपलंच मुख्य.”

मुलीनं आकाशपाताळ एक केलं. “मम्मा, सीरियसली? या घरात कोणाला प्रायव्हसी नाहीये क्या?”

आई म्हणाली, “वारुळात इतक्या मुंग्या राहतात. मागते का कुणी प्रायव्हसी?”

“आजी यार, मी मुंगी नाहीये!”

“ते दिसतंच आहे. मुंगी काम करते.”

पहिल्याच दिवशी हवेचा असा झोत सुटला की आमच्या खोलीचं दार धाडकन आपटलं. रबराची पाचर लावली, ती सरकली. खुर्ची लावली, तिला अडखळून नवऱ्याची करंगळी ठेचली. मग आईनं आपल्या ट्रंकेतून वरवंटा काढला. पुणं सोडताना तिनं तो जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला होता. पाटा काही उचलेना, म्हणून तो तिथेच राहिला आणि वरवंटा एकटा दिल्लीला आला. इथे वाटायला मिक्सर आहे, त्यामुळे त्याला काही कामच नव्हतं. आईनं तो आमच्या दाराशी आडवा लावला. दार जागचं हललं नाही.

आणि खोली गार झाली. फार नाही, पण झोप लागण्याएवढी नक्कीच. ओल्या वाळ्याचा वास घरभर फिरायला लागला. वैशाखातल्या दुपारी मी ऑफिसातून लवकर आले तर आई वेलीच्या हिरव्या उजेडात पाय लांब करून घोरत होती. मी दारात उभी राहून बघत राहिले. मला इतका आनंद झाला होता की लाज वाटायला हवी. कुठल्याच टॉवरच्या उद्घाटनाला मी अशी कधी उभी राहिले नाही.

हवेबरोबर घरात बाकीच्या गोष्टीही फिरायला लागल्या. आई आपल्या पलंगावरून सगळ्या घराचा कारभार बघायची. “अगं, कुकरच्या शिट्ट्या मोज, डाळीचा लगदा होईल.” “जावईबापू, तुमचा साहेब फोनवर फारच ओरडतो हो.” मुलगी तिकडे मैत्रिणीशी कुजबुजत बोलायची आणि इकडून आवाज यायचा, “तो मुलगा सोड, कामाचा नाही.” मुलगी डोक्याला हात लावायची. चार दिवसांनी तिनं तो मुलगा खरंच सोडला. आजीमुळे नाही, असं ती आजही म्हणते. अभ्यासाबद्दल मात्र आजी रोज उपदेश करायची आणि ते म्हणजे नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

जून सरत आला तसं आईनं पुण्याचं नाव काढणं बंद केलं. ट्रंक पलंगाखाली गेली. मी मनात म्हटलं, जिंकले.

मग पाऊस आला आणि पावसाबरोबर इथला चिपचिपा. पुण्याच्या माणसाला पावसाळा म्हणजे गारवा वाटतो. इथे श्रावणाच्या आधीपासून हवा ओल्या कांबळ्यासारखी अंगावर बसते. कूलर तोच, वेल तीच, उघडी दारंही तीच, पण खोली गार होईना. उलट पहिल्या वर्षाची न्हाणी परत आली. आईच्या पाठीवर घामोळं उठलं. दुपारी ती उठून बसायची आणि तोंडानं श्वास घ्यायची. मी वाळा बदलला, पंप बदलला, कूलरची टाकी रिकामी करून बघितली.

शेवटी तीच म्हणाली, “उगाच त्या कूलरशी झटू नकोस. घाम वाळला तरच गारवा. हवाच ओली असेल तर घाम वाळणार कसा? कुत्रासुद्धा या दिवसांत नुसती जीभ बाहेर काढून बसतो, उपयोग काही होत नाही.”

“तुला हे मे महिन्यातच माहीत होतं?”

“चाळीस वर्षं शिकवलंय मी ते. तुलाही माहीत होतं.”

माहीत होतं, हे खरं. पण मला वाटलं होतं की उघड्या दारांनी कसंबसं निभेल. निसर्गाचं काम करून घ्यायचं तर त्याच्या अटीही घ्याव्या लागतात आणि दिल्लीच्या आषाढाशी वाटाघाटी होत नाहीत. एका दुपारी आईला उठताना घेरी आली, तेव्हा मी हात टेकले. माणूस बोलावून तिच्या खोलीतला जुना एसी दुरुस्त करून घेतला. खिडकीच्या फटींना फोमच्या पट्ट्या लावल्या. एसी अगदी मंद ठेवला, झोत अंगावर येणार नाही असा वळवला. आईनं एका शब्दानं विरोध केला नाही. तिनं शाल पांघरली, पायमोजे चढवले आणि मी तिचं दार लावून घेतलं. उघडं ठेवलं असतं तर गारवा टिकला नसता. आमची दारंही लागली. वरवंटा पॅसेजच्या कोपऱ्यात गेला.

घामोळं गेलं, घेरी थांबली. झोपही लागत असावी. पण आई मलूल झाली. जेवताना मोजकं बोलायची आणि ताट उचलून आपल्या खोलीत जायची. मी दार ढकलून आत गेले की ती भिंतीकडे बघत बसलेली असायची. “काही हवंय?” “काही नको.” मग एका सकाळी तिनं चहा पिता पिता नवऱ्याला सांगितलं, “जावईबापू, नारळी पौर्णिमा झाली की माझं पुण्याचं तिकीट काढा.”

मी कप खाली आदळला. “का पण?”

“हाडं आखडतात.”

“मग एसी आणखी कमी करू. तेलानं मालीश करायला बाई लावू.”

“तुझं काही चुकलेलं नाही. खोली चांगली केलीस. पण माझ्या हाडांचं काय करणार?”

“आणि तिथे परत पडलीस तर?”

“पडले तर पडले. तिथली फरशी माझ्या ओळखीची आहे.”

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुला कुणाचं काही करून घ्यायचंच नसतं, असंही बोलले. ती शांतपणे बशीतला चहा पीत राहिली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ माझ्या समोर बसला होता. मला राग आला होता आणि रागापेक्षा मोठी भीती वाटत होती. दोन दिवसांनी नवऱ्यानं माझ्याकडे न बघता तिकीट काढलं. मी ऑफिसात आणखी एका टॉवरच्या पानाच्या शिरांवर काम करत बसले आणि दर थोड्या वेळानं मला न्हाणीघरातली ती ओली फरशी दिसायची.

त्याच आठवड्यात सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर उडाला. नवा यायला दोन-तीन दिवस लागणार, तोवर सगळं जनरेटरवर. आणि जनरेटरवर एका घराला एकच एसी, दुसरा लावला की वीज जाते. आमची खोली सगळ्यांत मोठी, म्हणून सगळे तिथे. इकडे सगळ्याच घरांत असं होतं. वीज गेली की एका खोलीत एसी लावायचा, जमिनीवर गाद्या टाकायच्या आणि सगळ्यांनी तिथे आडवं व्हायचं. आमच्याकडे आजवर ती पाळी आली नव्हती. आई आणि मी पलंगावर, नवरा आणि मुलगी खाली गादीवर. मधून चालायला जागा नाही. पाण्याला उठायचं तर कुणाच्या तरी पोटऱ्या ओलांडायच्या.

रविवारची दुपार होती. वरण-भात आणि काकडीची कोशिंबीर खाऊन सगळे लवंडले होते. नवऱ्याला उकडतं, त्यामुळे एसी चांगला जोरात चालू होता. मी आईसाठी शाल काढून ठेवली होती. ती तशीच घडीची उशाशी पडली होती. पायमोजेही नव्हते. आई कोपरावर रेलून खाली नातीशी बोलत होती.

“थंडीच्या देशात मधमाश्या हिवाळ्यात काय करतात माहितीये? सगळ्या मिळून एक चेंडू करतात. आतल्यांना ऊब मिळते, बाहेरच्यांना थंडी. मग बाहेरच्या हळूहळू आत सरकतात आणि आतल्या बाहेर येतात. पाळी लावलेली असते.”

“अच्छा, म्हणून तू पप्पांना भिंतीकडे सरकवलंस?”

“त्यांच्या अंगावर चरबी आहे. त्यांची पाळी जास्त वेळ.”

नवरा झोपेचं सोंग घेऊन पडला होता, तोही हसला. आई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बऱ्याच दिवसांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पायाला हात लावून बघितला. चांगला गार होता.

“आई, पाय गारठलेत तुझे. हाडं दुखत नाहीत?”

“नाही गं.”

“इथे तर एसी तुझ्या खोलीपेक्षा जोरात आहे.”

ती पलंगपोसावरची एक सुरकुती बोटानं सरळ करत राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नाही, त्यामुळे ते तिला नीट जमतही नाही.

मग ती हळू आवाजात म्हणाली, “हाडांचं काय एवढं नाही गं. त्या खोलीत तू दार लावलंस की मला काही ऐकू येत नाही. कुकर नाही, हिचा फोन नाही, तुमची भांडणं नाहीत. नुसती ती पेटी घरघरते. पुण्यात अगदी असंच होतं. तुझे बाबा गेल्यापासून तेच ऐकतेय मी, पंख्याचा आवाज. म्हटलं, एकटंच बसायचं तर आपल्या घरी जाऊन बसावं. इथे दाराच्या पलीकडे तुम्ही सगळे आहात, हे माहीत असून बसणं जास्त जड जातं.”

“मग सांगायचं नाही का? दर वर्षी हाडं, हाडं.”

“काय सांगायचं? दार उघडं ठेवा, मला एकटीला करमत नाही? लहान का आहे मी?”

चैत्रापासून मी हवेची वाट आखत बसले होते. कुठून शिरेल, कुठून निघेल, कुठे अडेल. आणि या बाईला त्या वाटेनं कुकरच्या शिट्ट्या हव्या होत्या. वैशाखात तिला झोप लागली ती वाळ्यानं की उघड्या दारांनी, हे आता मला कुणी सांगू शकणार नाही. मी तिचा गार पाय मांडीवर घेतला आणि चोळत बसले. “पावसाळाभर इथेच झोप,” मी म्हटलं. “आपण सगळेच इथे झोपू. वीज आली तरी.”

खालून नवऱ्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मग तो डोळा त्यानं मिटून घेतला.

तेवढ्यात वीज आलीच. सोसायटीभर “आ गई, आ गई” असा गलका झाला, स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरायला लागला, पलीकडे आईच्या खोलीतल्या एसीनं टिंग केलं. मुलगी चार्जर आणायला म्हणून उड्या मारत आपल्या खोलीकडे पळाली. जाताना उन्हाळ्यातल्या सवयीनं तिनं कोपऱ्यातला वरवंटा पायानं ओढला आणि दाराला लावला. दार सताड उघडं राहिलं. नवरा उठून बसला. त्यानं गादीचं एक टोक हातात धरलं, पण गुंडाळायला सुरुवात करेना. त्यानं आईकडे बघितलं.

“आई, मग ते तिकीट?”

“ते रद्द करा,” आई म्हणाली. तिनं उशाची शाल उलगडून पायांवर घेतली आणि पॅसेजच्या दिशेनं आवाज चढवला. “अगं ए, ये बघू आत. आणि येताना तो वरवंटा काढून दार लाव. गार हवा सगळी बाहेर चाललीय.”